‘स्वामी’तली सबुरी

मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन कादंबऱ्यांच्या कपाटावरून नुसती नजर फिरवली, तरी ज्याचे मूळ वेष्टन केव्हाच गळून गेले आहे, ज्याला एकदा सोडून दोनदा कापडी बांधणी घालावी लागली आहे, आणि ज्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर डकवलेला तारखांचा कागद देवघेवीच्या शिक्क्यांनी निळा होऊन गेला आहे, असे एखादे पुस्तक हटकून सापडते. आणि ते पुष्कळदा रणजित देसाई यांचे ‘स्वामी’ असते. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९६४ साली साहित्य अकादमीच्या पारितोषिकाने गौरवलेल्या या ग्रंथाची नोंद दप्तरी ‘ऐतिहासिक कादंबरी’ अशी होते, व ती चुकीची नाही. परंतु वाचकांनी पेन्सिलीने ओढलेल्या रेघा आणि समासात हळूच लिहिलेले ‘छान’, ‘अप्रतिम’ हे शेरे कोणत्या पानांवर आहेत हे पाहू गेल्यास ते राजकारणाच्या मसलतींपेक्षा माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाईंच्या पानांवर अधिक आढळतात. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीची हकीकत म्हणून नेलेले पुस्तक लोक परत आणून देतात ते एक प्रेमकथा म्हणून. तीही अशी, की जिच्यात प्रेमाला बोलायला सवड मिळेपर्यंत निम्मे राज्य सावरून व्हावे लागते.

या कथेविषयी माझे मन दुभंगलेले आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. तिच्या सबुरीइतकी सबुरी मराठी कादंबरीत मला फारशी कोठे भेटलेली नाही. आणि ती सबुरी अखेरीस ज्या ठिकाणी नेऊन पोचवते, ते ठिकाण मला मान्य नाही. ‘आवडले’ किंवा ‘नावडले’ यांपैकी एका बाजूस सही करून मोकळे होता येत नाही, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आमच्या भागातले सिद्धेश्वर हे हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातले, पूर्णेवरच्या धरणामुळे चौफेर ठाऊक झालेले गाव. या मुलखाला विरहकथा नवीन नाहीत. हाल सातवाहनाच्या नावावर चालत आलेल्या ‘गाथासप्तशती’त गोदेकाठच्या बायकांचे वाट पाहणे, रुसवे आणि परगावी गेलेल्या नवऱ्यांचे दिवस मोजणे हे सारे महाराष्ट्री प्राकृताच्या एकेका गाथेत सामावलेले आहे. तेथे कवीला विस्ताराची गरजच पडत नाही. पुढे यादवांच्या अमदानीत महानुभाव कवी नरेंद्र याने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले, आणि रामदेवरायाने ते काव्य आपल्या नावावर करून मागितले असता त्याने साफ नकार दिला, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. त्यानंतर पैठणच्या एकनाथांनी १५७१ साली वाराणसीत तीच कथा पुन्हा ओवीबद्ध केली. मूळ भागवतात रुक्मिणीचे पत्र अवघ्या सात श्लोकांचे. नाथांनी त्या कथेचे अठरा प्रसंग केले. लग्नाच्या मुलींनी वर मिळावा म्हणून याच ग्रंथाची पारायणे करण्याची चाल पडली. ज्या नायकाला नायिकेने अजून डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याच्याविषयीच्या ओढीचे वर्णन ऐकत आमच्या कित्येक पणज्या-आज्या बोहल्यापर्यंत पोचल्या. आणि त्यांपैकी कोणीही ‘कथा फार रेंगाळते’ अशी फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही. नाथांच्या कथेत दिरंगाई आहे, पण तिला कारणे आहेत: भावाचा विरोध आहे, शिशुपालाचे वऱ्हाड दारात आहे, आणि निरोप घेऊन गेलेला ब्राह्मण अद्याप परतलेला नाही.

कारण असलेली दिरंगाई आणि केवळ लेखकाच्या सोयीची दिरंगाई, हा भेद छापील कादंबरीच्या युगात पुसट होऊ लागला. मासिकांतून कादंबरी हप्त्याहप्त्याने येऊ लागली, तेव्हा पुढच्या अंकापर्यंत वाचकाला टांगून ठेवणे ही संपादकाची निकड बनली, आणि ना. सी. फडके यांच्यासारख्या कुशल कारागिराने ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात कथानकाची गुंफण, निरगाठ आणि उत्कंठा यांचे शास्त्रच मांडून दाखवले. फडक्यांच्या हातात ते शास्त्र शोभून दिसले; त्यांची नक्कल करणाऱ्यांच्या हातात त्याचे काय झाले, हे जुन्या कपाटांच्या तळाशी पडलेल्या, कोणीही न मागितलेल्या पुस्तकांकडे पाहून समजते. त्या पुस्तकांत नायक आणि नायिका यांच्यामध्ये एक गैरसमज उभा असतो. समोरासमोर बसून दोन वाक्ये बोलली तर तो विरघळेल, आणि नेमके म्हणूनच अडीचशे पाने त्यांना समोरासमोर बसू दिले जात नाही. अशा वेळी वाचकाला नायिकेची कणव येण्याऐवजी लेखकाचा राग येतो.

हा दोष केवळ मराठीचा नव्हे, आणि त्याचे निवारण करणाराही कोणा एका भाषेचा नव्हे. इंग्लंडातल्या जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’ ही तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली कादंबरी घ्यावी. तिची नायिका ॲन हिने वडीलधाऱ्या स्नेही बाईच्या सल्ल्यावरून एका निर्धन आरमारी अधिकाऱ्याशी ठरलेला विवाह मोडला. सुमारे आठ वर्षांनी तो मानमरातब मिळवून परत आला, आणि त्याच दिवाणखान्यात, त्याच माणसांच्या गर्दीत, एकमेकांशी हवापाण्याचे बोलत दोघांना राहावे लागले. अखेर एका पत्राने गाठ सुटते. येथेही पत्रच, हे रुक्मिणीची कथा ऐकत वाढलेल्या वाचकाच्या सहज ध्यानात येईल. त्या आठ वर्षांचा विलंब लेखिकेने लादलेला वाटत नाही, कारण तो गैरसमजाचा नसून एका खऱ्या निर्णयाचा परिणाम आहे, आणि त्याची किंमत ॲनने आपल्या तारुण्याने मोजलेली आहे. तिचे वय तेव्हा २७. माधवराव पेशवे गेले तेव्हा त्यांचेही वय २७ होते. योगायोगापलीकडे त्यात काही नाही, पण एकीकडे त्या वयात कथा नव्याने सुरू होते आणि दुसरीकडे संपते, एवढे मनात राहून जाते.

आता ‘स्वामी’कडे यावे. पानिपतानंतर, १७६१ साली, सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. खजिन्यात पैसा नाही, डोक्यावर कर्ज, उत्तरेत पत गेलेली, दक्षिणेत निजाम आणि हैदर, आणि घरात राघोबादादांसारखे चुलते, ज्यांच्याशी सख्य केले तरी धोका आणि वैर धरले तरी धोका. १७६२ साली आळेगावला पुतण्याने चुलत्यापुढे नमते घेतले. १७६३ च्या ऑगस्टात गोदाकाठी, आमच्याच मराठवाड्यातल्या राक्षसभुवनला, त्याने निजामाचा मोड केला. मग कर्नाटकाच्या स्वाऱ्या, १७६८ साली धोडपला चुलत्याचा पराभव आणि शनिवारवाड्यातली त्यांची नजरकैद. आणि हे सर्व चालू असता आतून शरीर पोखरणारा राजयक्ष्मा. या वेळापत्रकात पत्नीला जागा कोठे आहे? देसायांची खरी प्रतिभा मला या प्रश्नात दिसते. त्यांनी रमाबाईंसाठी खोटा अवकाश निर्माण केला नाही. मोहिमेवरून परतणे आणि पुन्हा निघणे यांच्यामधल्या ज्या चिमुकल्या फटी इतिहासाने शिल्लक ठेवल्या होत्या, तेवढ्यांतच त्यांनी संसार मांडला.

शिवाय त्या फटींतही एकांत दुर्मीळ. वाड्यात दासी आहेत, कारकून आहेत, सासूचा वचक आहे, दादासाहेबांचे कान आहेत. पतीशी बोलायचे तर अदबीने, त्याचे नाव न घेता, आणि मनातले निम्मे मनातच ठेवून. अशा ठिकाणी औषधाचा प्याला पुढे करणे, निरोपाच्या वेळी नजर खाली घालणे, प्रकृतीची चौकशी करताना एक शब्द जास्त उच्चारणे, या क्रियांना जे वजन येते ते एकमेकांना कवेत घेणाऱ्या प्रेमिकांच्या वाट्याला सहसा येत नाही. यांच्यामध्ये गैरसमज नाही, तिसरी व्यक्ती नाही, पारख करून घेण्याचा पोरखेळ नाही. राज्य आहे, आणि ते खरेच आहे. म्हणून वाचक या विलंबावर रागावत नाही. आधी झालेल्या लग्नाचे पुढे प्रेमात रूपांतर व्हावे, हा क्रम आपल्याकडच्या बहुसंख्य घरांचा आजही आहे, आणि प्रणयकथा म्हटली की अविवाहित जोडपेच हवे असा जो संकेत कादंबरीने रूढ केला होता, त्याला देसायांनी फारसा गाजावाजा न करता बाजूस सारले. आमच्या भागातल्या बायकांनी या पुस्तकाला जीव लावला त्याचे मूळ येथे असावे, असे माझे अनुमान आहे.

अनुमानच करायचे तर आणखी एक करतो. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. कचेरीत उर्दू, शाळेत उर्दू, आणि मराठी पुस्तक मिळवायचे तर धडपड करावी लागे. त्या काळात परभणीस निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी करून बी. रघुनाथ यांनी ‘हिरवे गुलाब’, ‘जगाला कळले पाहिजे’ अशा कादंबऱ्या लिहिल्या, आपल्या भोवतालच्या माणसांची सुखदुःखे मांडली, आणि १९५३ साली चाळिशीतच जगाचा निरोप घेतला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. म्हणजे हा लेखक आमच्या घरचा. पण ग्रंथालयात त्यांची पुस्तके मागणारे विरळा आणि ‘स्वामी’साठी नंबर लावणारे अनेक, ही वस्तुस्थिती आहे. निजामाच्या जाचातून नुकत्याच सुटलेल्या वाचकाला निजामाला पाणी पाजणारा पेशवा अधिक गोड वाटला असल्यास त्याला दोष कसा द्यावा?

‘स्वामी’ आली त्याच दशकात सिद्धेश्वरचे धरणही उभे राहिले. वरच्या अंगाला, जिंतूर तालुक्यात, येलदरीचे धरण. तेथे पाणी साठते, सोडताना विजेची जनित्रे फिरवते, खाली सिद्धेश्वरला येते आणि तेथून कालव्यात शिरते. १९६८ साली पुऱ्या झालेल्या या पूर्णा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात राहणाऱ्याला अडवलेल्या पाण्याचे नुसते कौतुक नसते. तो नमुना ७ चा अर्ज भरतो, पाळी केव्हा सुटणार याची चौकशी करतो, पाटकऱ्याने चारीचे दार किती उचलले हे स्वतः जाऊन पाहतो. आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचले नाही, तर भरलेल्या धरणाचे आकडे त्याला ऐकवून उपयोग नसतो. कादंबरीने शेकडो पाने भावना अडवून धरली असेल, तर ती अखेर कोणाच्या रानात सोडली, हा हिशेब वाचकानेही मागायला हवा.

‘स्वामी’त तो हिशेब थेऊरला होतो. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी चिंतामणीच्या सान्निध्यात माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. घटना ऐतिहासिक आहे. कादंबरीकाराने ती टाळायला हवी होती असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. प्रश्न घटनेचा नाही, सुराचा आहे. आयुष्यभर राहून गेलेली भेट जणू चितेवर पुरी झाली, अशी एक मंगल आभा त्या शेवटाभोवती जमते. आतापर्यंत इतक्या संयमाने लिहिणारी लेखणी तेथे शृंगारू लागते, आणि वाचक रडत असतानाच कोठेतरी समाधानीही होतो. मला त्या समाधानाचीच धास्ती वाटते. एरवीही देसायांची भाषा कोरीव, क्वचित अतिगोड. प्रत्येक पात्र जणू सुभाषित म्हणून दाखवण्याच्या तयारीने बोलते. पण दरबारात खपून जाणारा हा दागिना चितेजवळ खटकतो.

माझ्या परिचयातल्या एका काकूंना एका पावसाळ्यात हे पुस्तक वाचून दाखवले होते. तरुणपणीच वैधव्य आलेल्या, कालव्याखालच्या तीन एकरांवर मुलांना मार्गी लावलेल्या बाई. शेवट ऐकून त्यांनी डोळ्याला पदर लावला, थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग विचारले, “तिला लेकरू असतं तर गेली असती का हो?” माधवराव-रमाबाईंना अपत्य नव्हते. प्रश्न इतिहासाला धरून होता आणि कादंबरीला अडचणीचा होता, कारण ज्या कृतीचे मर्म आपण अथांग प्रेमात शोधले, तिच्यामागे निपुत्रिक विधवेच्या वाट्याला येणारे केशवपन, कोपऱ्यातले आयुष्य आणि भाऊबंदकीने उकळत असलेला वाडा हेही असू शकेल, ही शंका त्या एका वाक्याने उभी केली. त्यांतले कोणते कारण खरे, हे ठरवण्याचा अधिकार अडीचशे वर्षांनंतर आपल्याला नाही. पण एकच कारण गृहीत धरून त्यावर फुले वाहण्याचाही नाही.

त्याच शनिवारवाड्यात दुसरीही एक स्त्री होती, आणि तिची आठवण ‘स्वामी’ मिटल्यावर मला अधिक छळते. पानिपतावरून सदाशिवरावभाऊ परतले नाहीत. परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते गेले हे मान्यच केले नाही. सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत, वैधव्य स्वीकारले नाही, आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्या वाट पाहत जगल्या. मधल्या काळात भाऊसाहेब म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, बंड झाले, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. त्या सर्व गदारोळात या बाईच्या मनात काय चालले असेल? प्रेमकथेला लागणारी सबुरी म्हणजे काय हे ज्याला लिहून दाखवायचे आहे, त्याला याहून कठीण आणि याहून खरे प्रकरण मराठ्यांच्या इतिहासात सापडणार नाही. मात्र तिच्या कथेला ज्वाळा नाही, आणि ज्वाळेशिवाय शेवट कसा करावा हे आपल्या ऐतिहासिक कादंबरीला अजून नीटसे साधलेले नाही. सती जाणे हा त्या काळाचा एकमेव मार्ग होता, असेही समजू नये. १७५४ साली कुंभेरीला खंडेराव होळकर पडले तेव्हा अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या. मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले, आणि पुढे या बाईने १७९५ पर्यंत राज्य सांभाळले. आमच्या औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरा त्यांनाच देते.

१९८० च्या दशकात गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखाली ‘स्वामी’ दूरदर्शनवर आली; रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई यांनी घराघरांत ठाण मांडले, आणि ज्यांनी पुस्तक हाती धरले नव्हते त्यांनाही थेऊर पाठ झाले. त्याच दशकात, १९८७ च्या सप्टेंबरात, राजस्थानातल्या देवराळ्यात एक अठरा वर्षांची विधवा चितेवर गेली, आणि सतीच्या उदात्तीकरणाला गुन्हा ठरवणारा कायदा देशाला करावा लागला. १८२९ चा बेंटिंकचा हुकूम दीडशे वर्षांनंतरही पुरा पडला नव्हता. कादंबरीने किंवा मालिकेने कोणाला चितेवर चढवले असा आरोप मी करीत नाही. तो अन्याय होईल. परंतु ज्या समाजात ही घटना पुराणकाळची झालेली नव्हती, त्या समाजात लेखकाने तिला किती सुंदर करावे, याला मर्यादा असावी, इतके तरी म्हणावेच लागते.

तेव्हा माझा निवाडा असा: ‘स्वामी’ ही मराठीतली दांपत्यप्रेमाची एक अत्यंत संयत कथा आहे, आणि थेऊरच्या शेवटच्या पानांपर्यंत मी तिच्यातला बहुतेक शब्द मान्य करतो, ती पाने मान्य करीत नाही. नव्याने वाचणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी, तरुण मुलींच्या हाती अवश्य द्यावी, आणि वाचून झाल्यावर काकूंचा प्रश्न त्यांना जरूर विचारावा. आणि आपल्या कादंबरीकारांपैकी कोणाला पेशव्यांच्या वाड्यात पुन्हा जायचे असेल, तर त्याने किंवा तिने या खेपेस पार्वतीबाईंच्या दालनात जावे.